मुक्काम, वास्तव्य आणि सहा महिन्यांची मुदत

मराठी माणूस पत्ता लिहू लागला की आरंभी 'मु. पो.' ही अक्षरे लिहितो. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका अमुक, जिल्हा जळगाव किंवा धुळे. पिढ्यान् पिढ्या एकाच गावात, एकाच घरात राहिलेला शेतकरीही त्या गावाला आपला 'मुक्काम' म्हणतो, हे भाषेच्या अभ्यासकाला थोडे नवल वाटावे असे आहे. कारण मुक्काम म्हणजे प्रवासातला थांबा. 'वास्तव्य' या शब्दात दीर्घकाळ राहणे आहे, 'निवास' हा सरकारी दाखल्याचा शब्द आहे, 'बिऱ्हाड' पाठीवर घेता येते, आणि 'घर' या शब्दात माणसेही येतात. या पाच शब्दांतील अर्थच्छटा वर्गात समजावून सांगताना आम्हांला कधी अडचण आली नाही. मात्र गेल्या काही वर्षांत घरातील वडीलधाऱ्यांच्या परदेशी मुक्कामांची कागदपत्रे सांभाळताना या छटांचा फार निराळा अभ्यास आम्हां उभयतांना करावा लागला. त्या अभ्यासाचे हे टिपण आहे.

जळगावातील गणेश कॉलनी किंवा धुळ्यातील देवपूर अशा भागांतून संध्याकाळी चक्कर मारली, तर काही बंगल्यांच्या फाटकांना महिनोन् महिने कुलूप दिसते. तुळशीला पाणी शेजारचे घालतात, किल्लीही त्यांच्याचकडे असते. ही घरे बहुधा निवृत्त शिक्षकांची, बँक किंवा वीजमंडळातील कर्मचाऱ्यांची, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्यांची असतात. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर ज्यांची मुले अभियांत्रिकीला गेली, तेथून पुण्याला व पुण्याहून पुढे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेली, त्या पिढीचे हे आईवडील. मुलांच्या स्थलांतराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. आईवडिलांचे मात्र रूढ अर्थाने स्थलांतर होत नाही. ते ये-जा करतात, आणि या ये-जा करण्याला प्रत्येक देशाच्या कायद्यात निराळे नाव व निराळी मुदत आहे.

जगात 'निवृत्तांचा व्हिसा' नावाची एक स्वतंत्र गोष्ट आहे. थायलंडमध्ये वयाची पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाने तेथील बँकेत आठ लाख बाट ठेवले किंवा पुरेसे मासिक उत्पन्न दाखवले, तर त्याला वर्षावर्षाने मुदत वाढवत राहता येते. दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवायचा, आणि मध्येच देशाबाहेर जायचे असेल तर आधी पुनःप्रवेशाची परवानगी घ्यायची. ती न घेता गेल्यास मिळालेली मुदत बाद होते. मलेशियानेही २००२ पासून 'माझे दुसरे घर' अशा अर्थाच्या नावाची योजना चालवली आहे. या योजना पैशाच्या हिशेबावर उभ्या आहेत. निवृत्त माणूस आपले निवृत्तिवेतन घेऊन येतो, खर्च करतो, ऊन आणि समुद्र उपभोगतो. त्याचे तेथे कोणी असण्याची गरज नसते.

आमच्या आईवडिलांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्यांचे तेथे कोणीतरी आहे, म्हणूनच ते जातात. पण ज्या देशांत खानदेशची मुले गेली, त्यांपैकी अमेरिकेत निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. ब्रिटनने २०१२ सालापासून परावलंबी आईवडिलांसाठीचे नियम इतके कडक केले, की रोजच्या देहधर्मांसाठीही दुसऱ्याची मदत लागते आणि ती मायदेशी मिळूच शकत नाही, असे दाखवल्याशिवाय ते दार उघडत नाही. ऑस्ट्रेलियात आईवडिलांच्या कायम व्हिसासाठी एकतर प्रत्येकी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम भरायची, नाहीतर काही दशके रांगेत थांबायचे. सत्तरीच्या माणसाने दशकांच्या रांगेत उभे राहायचे, ही कल्पना एखाद्या असंगत नाटकात शोभली असती.

अमेरिकेचा मार्ग बहुतेकांच्या परिचयाचा आहे. दहा वर्षांचा अभ्यागत व्हिसा मिळतो. पण दहा वर्षे ही दार ठोठावण्याची मुदत. आत किती राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि तो सामान्यतः सहा महिने देतो. पूर्वी या तारखेचे एक लहानसे पांढरे कार्ड पासपोर्टात टाचून मिळत असे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ते बंद झाले आणि तारीख संगणकावर पाहावी लागू लागली. त्या तारखेनंतर राहिले, तर दहा वर्षांचा व्हिसा आपोआप निकामी होतो. मुदतवाढीचा अर्ज करता येतो, पण बहुतेक घरांत तो टाळतात. पुढच्या वेळी अधिकारी 'मागच्या खेपेला इतके का राहिलात' असे विचारील, ही धास्ती असते. मुलगा तेथील नागरिक झाला, तरच तो आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागू शकतो. भारतात जन्मलेल्या नोकरदारांची ग्रीन कार्डाची रांग देशनिहाय सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे इतकी लांबली आहे, की पुष्कळ मुले स्वतःच पंधरा-पंधरा वर्षे व्हिसावर आहेत. त्यांच्या आईवडिलांनी अभ्यागत राहण्याखेरीज गत्यंतर नसते.

या सहा महिन्यांचे आणि खानदेशच्या पंचांगाचे एक विलक्षण नाते जुळले आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाकडे जातो. म्हणून जायचे ते एप्रिलमध्ये, आणि यायचे ते ऑक्टोबरअखेर, तिकडे थंडी पडण्याआधी. नोव्हेंबरात परतणे तर अनिवार्यच, कारण त्या महिन्यात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत जाऊन कोषागाराच्या यादीत आपल्या नावापुढे सही केली, की आपण जिवंत असल्याचे शासनाला कळते. परतून ही सही केली, की हिरव्या वांग्यांच्या भरिताचे आणि कळण्याच्या भाकरीचे दिवस लागतात. व्यवहाराच्या दृष्टीने इतके सोयीचे वेळापत्रक कोणी बसून आखले असते तरी जमले नसते.

त्यात एक मेख आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिल-मेमध्ये येते, कानबाई श्रावणात. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झोके बांधतात. कानबाईच्या रोटांना भाऊबंद एकत्र यावे लागतात. म्हणजे ज्या सणांना घरातील वडील बाईमाणूस घरी असायलाच हवे, ते सगळे नेमके त्या सहा महिन्यांत पडतात. माहेरी येणाऱ्या मुलींना कुलूपबंद घर दिसते, आणि त्यांची आई त्या वेळी न्यू जर्सीत सुनेच्या बाळंतपणाला गेलेली असते.

आता व्हिसाच्या मुलाखतीकडे येऊ. अमेरिकेच्या कायद्याचे गृहीतक असे, की अभ्यागत म्हणून येऊ पाहणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येत आहे; तसे नसल्याचे त्याने सिद्ध करायचे. म्हणून मुंबईला जाताना फाइलमध्ये सातबाराचा उतारा, घरपट्टीची पावती, निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेचे पुस्तक अशी कागदे घेतली जातात. पूर्वी ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसबाहेर आणि २०११ अखेरपासून वांद्रे-कुर्ला संकुलातील नव्या वकिलातीबाहेर अशा फायली छातीशी धरून उभी असलेली वृद्ध माणसे सर्वांनी पाहिली आहेत. पुष्कळदा अधिकारी कागद पाहतही नाही. दोन-तीन प्रश्न विचारतो, मराठीतूनही विचारण्याची सोय असते. त्यांतला एक हमखास प्रश्न असा, की भारतात तुमचे कोण आहे?

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आम्ही. 'धाकटा मुलगा आणि सून जळगावला असतात, दोघेही कॉलेजात शिकवतात,' असे जळगावच्या आई सांगत आल्या आहेत, आणि धुळ्याचे नाना-आईही आपल्या अर्जात मुलगी-जावई याच जिल्ह्यांत असल्याचे लिहीत आले आहेत. गावी राहिलेले अपत्य हा परत येण्याचा पुरावा असतो. सातबारा आणि घरपट्टी यांच्या पंक्तीला ते बसते. परदेशी गेलेले अपत्य हे जाण्याचे कारण, आणि राहिलेले अपत्य हे येण्याची हमी. पुष्कळ घरांतील भावाभावांचे, बहिणीबहिणींचे संबंध या दोन रकान्यांत वाटले गेले आहेत. दोघांपैकी कोणाला झुकते माप मिळाले, यावर दिवाळीच्या फोनवर अप्रत्यक्ष बोलणीही होतात.

जळगावच्या आईंची हकिगत येथे सांगणे भाग आहे, कारण या विषयात आम्हांला जे काही कळले ते त्यांच्याकडून. अण्णा हयात होते तोवर त्या दोघांच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या. सगळ्या अभ्यागत म्हणून, सगळ्या सहा महिन्यांच्या आत. २०१६ साली अण्णा गेले. त्याआधीच दादा तेथील नागरिक झाले होते. आईला आता एकटीने सारखे येणे-जाणे नको, या विचाराने त्यांनी ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, आणि २०१८ साली ते कार्ड आले. घरात पेढे वाटले गेले. मुदतीची कटकट संपली, असे सर्वांनाच वाटले.

वस्तुतः मुदत संपली नव्हती, उलटली होती. अभ्यागताने सहा महिन्यांहून अधिक तेथे राहायचे नसते. कार्डधारकाने फार काळ तेथून बाहेर राहायचे नसते. सलग वर्षभर बाहेर राहिले तर केवळ कार्डावर प्रवेश मिळत नाही, आणि वर्षाच्या आत परतले तरी सहा महिन्यांवरच्या गैरहजेरीबद्दल अधिकारी विचारू शकतो, 'तुमचे घर नक्की कोठे आहे?' पुनःप्रवेशाचा परवाना काढला तर दोन वर्षांपर्यंत बाहेर राहता येते, पण तो अर्ज तेथे असतानाच करावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात. दादांनी हे सारे आईंना नीट समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा हेच ना?"

नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या जळगावला आल्या. मार्च २०२० मध्ये विमाने बंद झाली. कोणालाच कोठे जाता येत नव्हते तोवर प्रश्न नव्हता, पण जुलैपासून अमेरिकेशी विशेष उड्डाणांची व्यवस्था सुरू झाली आणि कार्डाचे वर्ष डोळ्यांपुढे येऊ लागले. शेवटी ऑक्टोबरमध्ये, पंचाहत्तरीला टेकलेल्या आई मास्क आणि त्यावर प्लास्टिकची पारदर्शक ढाल लावून, चाकाच्या खुर्चीत बसून मुंबईच्या विमानतळात शिरल्या. नातवंडे तिकडे होती हे खरे, पण त्या वेळी, त्या साथीत, त्या नातवंडांना भेटायला गेल्या नाहीत. त्या कार्डाला भेटायला गेल्या. दुसरी लाट, पुन्हा बंद झालेली विमाने, या सगळ्यात त्यांचा तेथला मुक्काम दीड वर्षाचा झाला. एवढे सलग त्या कधीच राहिल्या नव्हत्या.

त्या दीड वर्षात तेथे काही वाईट घडले नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. दादा-वहिनींनी त्यांना फुलासारखे जपले. खोली स्वतंत्र, देवघर स्वतंत्र, मराठी वाहिन्या, आठवड्याला मंदिर. फक्त एक गोष्ट घडेनाशी झाली. पूर्वी पाचवा महिना लागला की बॅगा पलंगाखालून बाहेर निघत, काय न्यायचे याच्या याद्या होत, आणि 'व्हिसा संपत आला' एवढ्या एका वाक्यात परतीचा विषय मिटत असे. त्या वाक्यात कोणाचाच दोष नसे. सून दमली आहे, सासू कंटाळली आहे, नातू आता मोठा झाला आणि त्याला आजी दिवसभर नको आहे, जळगावच्या घराची आठवण येते आहे, अण्णांचे वर्षश्राद्ध त्या घरात व्हावे असे वाटते, यांतले काहीही उच्चारावे लागत नसे. तारीख बोलत असे. कार्ड आल्यावर तारीख गप्प झाली. दादा प्रेमाने विचारत, "आई, तिकीट कधीचं काढू?" आणि आई म्हणत, "बघ तुझ्या सोयीनं." या संवादाची पुनरावृत्ती अनेक महिने चालली होती.

आमच्या मते या साऱ्या व्हिसाव्यवहाराचे मर्म येथे आहे. मुदतीकडे आपण जाच म्हणून पाहतो, आणि तो जाच आहेच. परंतु आपल्या कुटुंबांत जे बोलण्याची रीत नाही, ते न बोलता निभावून नेण्याची सोयही त्या मुदतीने करून दिलेली असते. 'तुम्हांला कोणाजवळ राहायचे आहे?' हा प्रश्न मराठी घरात म्हाताऱ्या माणसाला थेट विचारत नाहीत, आणि विचारला तरी तो खरे उत्तर देत नाही; उत्तरात कोणाचा तरी पराभव असतो. मग परराष्ट्राचा कायदाच त्या घराच्या मदतीला येतो.

बाईमाणसाच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. आईंच्या पिढीतील खानदेशी स्त्रीने आयुष्यात आपल्या जाण्या-येण्याची तारीख स्वतः क्वचितच ठरवली. आखाजीला माहेरी जायचे तर मुराळी यावा लागे. भाऊ किंवा भाचा बैलगाडी घेऊन, पुढे एसटीने येई, सासूपुढे बसे, चहा पिई, आणि मग 'घेऊन जा, पण अमुक दिवशी आणून सोड' असा निर्णय मिळे. जाण्याची इच्छा बोलून दाखवायची नाही, परतायची नाखुशीही दाखवायची नाही. बहिणाबाई चौधरींचे माहेर असोदे सासरच्या जळगावापासून काही मैलांवर. तरी माहेराची ओढ आणि त्या वाटेचे वर्णन त्यांच्या कवितेत किती मोठे होऊन येते, हे १९५२ पासून मराठी वाचक जाणतो. अंतरापेक्षा ती वाट आपल्या मर्जीने चालता येत नसणे, हे त्याचे एक कारण असावे. जळगावच्या आईंसाठी पांढऱ्या कार्डावरची तारीख मुराळ्याचे काम करत होती. ती न्यायला येई, आणि त्या निघत. कायमच्या वास्तव्याच्या कार्डाने त्यांचा मुराळीच बंद झाला.

२०२२ च्या आखाजीला त्या जळगावात होत्या. वर्षभर राहिल्या. २०२३ चा एप्रिल जवळ आला तेव्हा पुन्हा कार्डाचे वर्ष भरत आले, आणि या खेपेस त्यांनी कोणी विचारण्याआधीच सांगितले, "ते कार्ड परत करा. मला आपले सहा महिने बरे." दादांना ते लागले. व्हिडिओवर बराच वेळ कोणी बोलले नाही. त्यांना जे ऐकू आले ते 'मला तुझे घर नको' असे होते, आणि आईंनी तसे म्हटले नव्हते; पण दोन वाक्यांतला फरक समजावून सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. आमच्याकडे शब्द पुष्कळ असतात. तो आमचा व्यवसाय आहे. पण त्या वेळी धाकट्या भावाने बोललेला प्रत्येक शब्द 'आई आमच्याकडे हवी' असाच ऐकू गेला असता, म्हणून आम्ही गप्प राहिलो.

स्थायी वास्तव्य सोडण्यासाठी आय-४०७ या क्रमांकाचा अर्ज असतो. तो टपालाने पाठवता येतो. त्यात वास्तव्य का सोडता, याचे कारण लिहावे लागते. दादांनी लिहिण्याआधी वाचून दाखवले: कायमची भारतात परत जात आहे. आईंनी लगेच हरकत घेतली. "कायमचं कशाला लिहितोस? मी येणार आहे की तुझ्याकडे." कायद्याला हवा असलेला शब्द आणि आईंच्या मनातला अर्थ यांची गाठ कशी घालावी, हे कोणालाच सुचेना. अखेर भारतातच राहण्याचा विचार आहे, अशा आशयाचे साधे वाक्य लिहिले गेले. त्या वाक्यात वास्तव्य भारतातले होते, आणि मुक्काम कोठेही करता येणार होता.

त्यानंतर पुन्हा अभ्यागत व्हिसा. साथीनंतर मुंबईतील मुलाखतींची रांग फार लांबली होती. तारीख पुढच्या वर्षीची, म्हणजे २०२४ ची मिळाली. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने स्वाभाविकपणे विचारले, की ग्रीन कार्ड असताना सोडले का? आई म्हणाल्या, "पोरगा तिथं आहे, घर इथं आहे." दुभाषाने हे वाक्य कसे भाषांतरित केले असेल, याचे आम्हांला फार कुतूहल आहे. दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, ऑक्टोबरअखेर परत आल्या. पाचव्या महिन्यात बॅगा पलंगाखालून बाहेर निघाल्या, असे वहिनींनी फोनवर सांगितले, आणि सांगताना त्या हसल्या. आईंच्या खोलीचे पडदे आता त्यांनी बदलले नाहीत. ती खोली आईंचीच आहे.

धुळ्याच्या घराची कथा याला पूरक आहे. ताई कॅनडात, टोरांटोजवळ असते. कॅनडाने डिसेंबर २०११ पासून आईवडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी 'सुपर व्हिसा' सुरू केला. आरंभी एका खेपेस दोन वर्षे राहता येत असे, जुलै २०२२ पासून पाच वर्षे राहता येते. मुलाने पुरेसे उत्पन्न दाखवायचे, सांभाळण्याचे लेखी वचन द्यायचे, आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा काढायचा. नाना निवृत्त मुख्याध्यापक. २०२३ च्या सप्टेंबरात निघताना त्यांनी नियम स्वतः वाचले, अधोरेखित केले आणि म्हणाले, "पाच वर्षांची मुदत म्हणजे मुदतच नाही. शाळेच्या वेळापत्रकात तास नसेल तर मुलं कुठे बसतील?" पोहोचल्याच्या दिवशी त्यांनी ताईला सांगून टाकले, की आम्ही दीड वर्ष राहणार, फेब्रुवारी २०२५ मध्ये परतणार. ताई रागावली, रडली. मग तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तशी खूण केली. त्या खुणेनंतरचे दीड वर्ष फार चांगले गेले, असे दोन्ही बाजू सांगतात.

नानांचा नोव्हेंबर तेथेही चुकला नाही. २०१४ साली सुरू झालेल्या जीवन प्रमाण व्यवस्थेत आधी बोटांचे ठसे लागत. २०२१ पासून मोबाइलपुढे चेहरा दाखवूनही हयातीचा दाखला देता येतो. चौतीस वर्षे हजेरी घेतलेल्या माणसाने फोनपुढे बसून, सांगितल्यावर पापण्यांची उघडझाप करून आपली हजेरी लावली. पहिला प्रयत्न चष्म्यामुळे फसला. भारतीय वाणिज्य दूतावास नोव्हेंबरात तेथील मंदिरांतून हयातीच्या दाखल्यांची शिबिरेही भरवतो. ३ नोव्हेंबर २०२४ रोजी ब्रॅम्प्टनच्या हिंदू सभा मंदिरात असे शिबिर चालू असताना बाहेर निदर्शने होऊन मारामारी झाली, आणि त्यानंतर दूतावासाने काही शिबिरे रद्द केली. नाना त्या शिबिराला गेले नव्हते. बातमी पाहून ते एवढेच म्हणाले, की म्हातारी माणसे तिथे फक्त जिवंत आहोत असे सांगायला आली होती.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या साऱ्याचे काय, असे कोणी विचारील. मराठीत परदेशाविषयीच्या लेखनाची परंपरा जुनी आहे. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त १८८९ चे. पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ने या प्रकाराला घरोघरी नेले. पुढे निवृत्त आईवडिलांनी लिहिलेली 'आमची अमेरिका' छापाची, बहुधा स्वखर्चाने काढलेली पुस्तके इतकी आली, की समीक्षकांनी त्यांची चेष्टा केली. नायगारा, स्वच्छ रस्ते, नातवाचे इंग्रजी, एवढेच त्यांत असते, ही तक्रार खोटी नाही. तथापि ही पुस्तके पुन्हा वाचताना आम्हांला एक गोष्ट जाणवते. प्रवासवर्णनाचा नायक पाहायला गेलेला असतो. ही माणसे राहायला गेलेली असतात, आणि राहिलो असे म्हणायची त्यांना कायद्याने मुभा नसते. म्हणून ती धबधब्याबद्दल लिहितात. पाचव्या महिन्यातल्या बॅगांबद्दल लिहायला त्यांना प्रकार सापडलेला नाही. आपण अभ्यासक्रमात ज्याला स्थलांतरितांचे साहित्य म्हणतो त्यात ती बसत नाहीत, आणि देशीपणाच्या चर्चेतही बसत नाहीत. एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या पासपोर्टावरील शिक्क्यांच्या आधारे यावर प्रबंधिका लिहिली, तर आम्ही आनंदाने मार्गदर्शन करू.

नाना-आई ठरल्याप्रमाणे फेब्रुवारी २०२५ मध्ये देवपूरच्या घरी आले. ताईचा आग्रह चालू आहे, विम्याचे भावही ती कळवत असते. नाना म्हणतात, की बोलावल्यावर जाऊ, पण जाण्याआधी येण्याची तारीख आम्ही सांगू. जळगावच्या आईंना आम्ही एकदा सुचवून पाहिले, की तुम्हीही तसे सांगत जा. कायद्याच्या तारखेची वाट कशाला पाहता? त्यावर त्यांनी वांगी भाजता भाजता उत्तर दिले, "नानांचं ठीक आहे. मी सांगितलं तर त्याला वाईट वाटेल. सरकारनं सांगितलं तर कोणालाच वाटत नाही." आणि भरिताला तेल किती घालायचे, ते त्या सांगू लागल्या.